तुकाराम ओंबळे यांच्यावरचा फलक लिहिताना

आमच्या शाळेत २६ नोव्हेंबरला दोन कार्यक्रम एकाच तासिकेत बसवायची पद्धत होती. आधी संविधान दिन म्हणून उद्देशिकेचं सामूहिक वाचन, मग २६/११च्या शहिदांना श्रद्धांजली. टेबलावर फोटो, हार, मेणबत्त्या, एखाद्या विद्यार्थ्याचं पाठ केलेलं भाषण, दोन मिनिटं स्तब्धता, की मुलं पुन्हा वर्गात. गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी हे काम इतिहासाची शिक्षिका म्हणून माझ्याकडे दिलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की सगळ्यांची नावं एका दमात घेण्याऐवजी या वेळी एकाच माणसाविषयी नीट काम करू द्या, आणि ते नववीच्या मुलांना करू द्या. माणूस माझ्या मनात ठरलेला होता : सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे, डी. बी. मार्ग पोलीस ठाणे, मुंबई.

आमची शाळा डोंबिवलीतली, मराठी माध्यमाची. तेव्हा नववीत असलेली मुलं त्या हल्ल्यानंतर दोन-तीन वर्षांनी जन्मलेली. माझ्यासाठी ती रात्र म्हणजे टीव्हीसमोर काढलेली रात्र, लोकलमध्ये अडकलेल्या नातेवाइकांना लावलेले फोन. मुलांसाठी तो इतिहास आहे, पानिपताइतकाच लांबचा. पहिल्या तासाला मी कोरे कागद वाटले आणि सांगितलं, २६/११बद्दल जे ठाऊक असेल ते लिहा, नाव घालायचं नाही. कागद गोळा करून स्टाफरूममध्ये वाचत बसले. कसाबचं नाव जवळजवळ प्रत्येक कागदावर होतं, बिनचूक लिहिलेलं. ताज हॉटेल होतं. करकरे, कामटे, साळसकर यांची नावं बऱ्याच जणांनी लिहिली होती. ओंबळे मात्र मोजक्याच कागदांवर होते, आणि तिथेही "एका पोलिसाने कसाबला पकडले" असंच. एका मुलाने "तुकाराम" एवढंच लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ज्याने पकडलं त्याचं नाव नाही आणि जो पकडला गेला त्याचं नाव तोंडपाठ, हे मला फार लागलं. त्याच दिवशी मुलांशी बोलून एक गोष्ट ठरली. आपल्या फलकावर कसाबचा फोटो लागणार नाही. त्याचं नाव खटल्याच्या संदर्भात जिथे यायलाच हवं तिथे येईल, त्यापलीकडे नाही.

दुसरी गोष्ट मी ठरवली. फलकावरच्या प्रत्येक वाक्यामागे आधार हवा. मोबाइलवर फिरणारे संदेश, पार्श्वसंगीत लावलेले व्हिडिओ हे आधार नाहीत. मुलं जरा हिरमुसली, कारण त्यांच्याकडे असे व्हिडिओ भरपूर होते आणि त्यांतले काही अंगावर काटा आणणारे होते. पण ज्या माणसाचा मान राखायचा, त्याच्याबद्दल खोटं एक अक्षर लिहायचं नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. त्या वयाच्या मुलांना खरं-खोटं फार चटकन कळतं, फक्त त्यांना कुणी तपासायला सांगत नाही.

सर्वांत भक्कम आधार म्हणजे न्यायालयाची कागदपत्रं. कसाबच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दिलेलं निकालपत्र कुणालाही वाचता येतं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती चंद्रमौली कुमार प्रसाद यांचं ते निकालपत्र भलं मोठं आहे, पण घटनाक्रम इतका स्वच्छ मांडलाय की इंग्रजीच्या बाईंच्या मदतीने मुलांनी गिरगाव चौपाटीच्या, म्हणजे ओंबळे जिथे होते त्या भागाची वाक्यं एकेक करून मराठीत उतरवली. कागदोपत्री त्या जागेचा उल्लेख विनोली चौपाटी असा येतो, हे मुलांना नवीन होतं. मलाही ते आधी ठाऊक नव्हतं.

त्या रात्रीचा क्रम आम्ही दोरीवर चिमट्यांनी लावत गेलो. दोघं हल्लेखोर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून बाहेर पडतात, कामा हॉस्पिटलकडे जातात. तिथून निघाल्यावर रंगभवनजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या क्वालिसवर गोळीबार होतो. हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघतात. गाडीत मागे जखमी होऊन पडलेले पोलीस अरुण जाधव जिवंत आहेत, हे त्यांना कळत नाही. टायर पंक्चर झाल्यावर ते क्वालिस टाकतात आणि एक स्कोडा हिसकावतात. जाधव जखमी अवस्थेतच वायरलेसवरून ही खबर कंट्रोल रूमला देतात. मरीन ड्राइव्हवरून चौपाटीकडे येणाऱ्या स्कोडाची खबर डी. बी. मार्गच्या नाकाबंदीपर्यंत पोचते. मध्यरात्र उलटून गेलेली असते. तारीख २७ नोव्हेंबर.

इथपर्यंत मुलं वाचून सांगू शकत होती. पण नाकाबंदी म्हणजे नेमकं काय, तिथे कोण कुठे उभं राहतं, हे पुस्तकी वाचनातून कळेना. आमच्याच वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मुंबई पोलीस दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ वाई तालुक्यातले. ती म्हणाली, "बाई, आजोबांना बोलावू का? पण ते जास्त बोलत नाहीत." मी म्हटलं, बोलाव, नाही बोलले तरी चालेल.

ते आले आणि बोलण्याऐवजी त्यांनी मुलांना मैदानात नेलं. वर्गातले बाक बाहेर काढायला लावले. दोन बाक एका बाजूला, दोन थोडे पुढे दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडीला नागमोडी वळण घेऊनच पुढे जाता येईल. "सरळ आडवं लावलं तर गाडी उडवून जाते. असं तिरकं लावलं की वेग कमी करावाच लागतो," ते म्हणाले. मग मुलांना जागा वाटून दिल्या. एक अधिकारी समोर, एक बाजूला, हत्यार असलेले कुठे, लाठीवाले कुठे, वायरलेस कुणाकडे. नंतर त्यांनी पावलांनी अंतर मोजायला लावलं. स्कोडा बॅरिकेडच्या चाळीस-पन्नास फूट अलीकडे थांबली होती. मुलांनी तेवढी पावलं चालून वळून बघितलं. टीव्हीवर बघताना वाटतं तसं ते लांब नव्हतं. आमच्या मैदानाच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचं अंतर.

गाडी थांबली तेव्हा तिचे दिवे पूर्ण प्रखर होते, समोरच्या काचेवर पाणी उडवून वायपर चालू केलेले, म्हणजे आत कोण आहे हे पोलिसांना दिसू नये. पोलिसांनी दिवे बंद करून बाहेर यायला सांगितलं. चालवणारा अबू इस्माइल. त्याने गाडी वळवायचा प्रयत्न केला, ती दुभाजकावर अडकली. त्याने गोळीबार केला, पोलिसांनी उत्तर दिलं आणि तो मारला गेला. डावीकडच्या सीटवर दुसरा होता. तो शरण आल्यासारखा बाहेर आला, आणि त्याच्याकडे एके-४७ होती. ओंबळे त्याच्या सर्वांत जवळ होते. हातात लाठी. त्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. त्याने चाप ओढला. गोळ्या पोटात शिरत असताना त्यांनी नळी सोडली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीचे सहकारी लाठ्यांसह त्याच्यावर तुटून पडले. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली, ते वाचले.

मैदानात हे सांगताना आजोबांनी एका मुलाच्या हातात खरोखरच लाठी दिली होती. आमच्या शिपाईकाकांची. त्या मुलाने ती दोन्ही हातांनी धरली, मग एका हाताने, मग खाली सोडली. म्हणाला, "आजोबा, हिचा काय उपयोग?"

"गर्दी पांगवायला. चोर पकडायला," आजोबा म्हणाले. "रायफलपुढे नाही. रायफलपुढे हातच उपयोगी पडले."

मग एका मुलीने विचारलं, की सलग गोळ्या सुटल्या तर नळी तापत नाही का. आजोबांनी मान हलवली. तापते, हात लावता येत नाही इतकी तापते. वर्गातला एक गणितात हुशार मुलगा मागून आकडेमोड करत होता. एके-४७चा सलग माऱ्याचा वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला दहा. मॅगझीनमध्ये तीस गोळ्या. "म्हणजे पूर्ण मॅगझीन तीन सेकंदात संपतं," तो म्हणाला. त्यावर कुणी काही बोललं नाही. तो तीन सेकंदांचा आकडा नंतर बराच वेळ मुलांच्या बोलण्यात येत राहिला, फलकावर मात्र आम्ही तो घातला नाही, कारण तो आमचा हिशेब होता, घडलेल्या गोष्टीची नोंद नव्हे.

आजोबा निघताना एक गोष्ट बोलले ती मी वहीत लिहून ठेवलीय. "गोळी सुटली की माणूस मागे होतो, ते शिकवावं लागत नाही. पुढे व्हायला मात्र आधीपासून काहीतरी आत असावं लागतं." मला त्या वाक्याने कामाची पुढची दिशा मिळाली. आधीपासून आत काय होतं? आपण ओंबळे यांचे शेवटचे काही क्षण आठवतो. त्याआधीचं आयुष्य कुणी सांगत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. मेढ्याच्या परिसरातला हा डोंगराळ भाग. पाऊस भरपूर, सपाट जमीन कमी, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरं घराबाहेर पडणारी. कुणी मुंबईला माथाडी कामात, कुणी गिरणीत, कुणी पोलिसात, कुणी फौजेत. आमच्या डोंबिवलीतही जावळी, पाटण, वाईची कितीतरी घरं आहेत. वर्गात मी विचारलं तर सातारकडची बरीच मुलं निघाली, आणि त्यांतल्या एकाचे पणजोबा सैन्यात होते हे त्याला घरी जाऊन विचारल्यावर पहिल्यांदाच कळलं.

ओंबळे आधी सैन्यात होते. सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या दलात. तिथून १९९१ मध्ये नाईक म्हणून निवृत्त झाले आणि मुंबई पोलिसात भरती झाले. मुलांनी नकाशावर दोन्ही नोकऱ्या दाखवायचं ठरवलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा गणवेश घालायची सक्ती नसते. पेन्शन असते, गाव असतं. या माणसाने दुसऱ्यांदा गणवेश घातला, तोही अशा नोकरीत जिथे गणपतीत, दिवाळीत, मोर्च्यांत, मॅचला, मंत्र्यांच्या दौऱ्यात, कायम रस्त्यावर उभं राहायचं. सतराएक वर्षं त्यांनी ती नोकरी केली.

सहायक फौजदार ही पायरीही मुलांना समजावून सांगावी लागली. तेव्हाच्या मुंबई पोलिसात शिपाई, नाईक, हवालदार, मग सहायक पोलीस उपनिरीक्षक. खांद्यावर एक तारा आणि लाल-निळी फीत. खालून वर आलेल्या माणसाला नोकरीच्या उत्तरार्धात मिळणारी ही जागा. म्हणजे त्या रात्री चौपाटीवर जो पुढे झाला तो कोवळा जवान नव्हता, पन्नाशी ओलांडलेला, पत्नी ताराबाई आणि मुलींचा संसार असलेला गृहस्थ होता. आमच्या मुलांच्या वडिलांपेक्षाही मोठा. हे कळल्यावर एका मुलाने त्याच्या चित्रातला ओंबळेंचा चेहरा खोडून पुन्हा काढला. आधी त्याने सिनेमातल्या हिरोसारखा काढला होता. नंतरच्या चित्रात गालावर सुरकुत्या आल्या, मिशा आल्या, आणि ते चित्र आम्ही लावलं.

मग गिरगावला जायचं ठरलं. सगळा वर्ग नेणं शक्य नव्हतं, म्हणून फलकावर काम करणारी मुलं आणि आम्ही दोन शिक्षिका. डोंबिवलीहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी, चर्नी रोडला उतरलं की समोर चौपाटी. रविवार होता, तुफान गर्दी. भेळवाले, फुगेवाले, वाळूत खेळणारी पोरं. ओंबळेंचा पुतळा तिथेच आहे. मुलांनी सोबत आणलेली झेंडूची फुलं वाहिली. त्यांच्या शेजारून माणसं आइस्क्रीम खात जात होती, आणि मला वाटलं होतं की मुलांना याचा राग येईल. तसं झालं नाही. एक मुलगी म्हणाली, "बाई, लोक इथे मजा करतायत हेच बरंय ना?" मला तिचं पटलं.

पुतळ्यापाशी रेंगाळताना एक तरुण वाहतूक पोलीस आमच्याकडे आला. कुठली शाळा, काय चाललंय, विचारलं. सांगितल्यावर त्याने हात लांब करून मरीन ड्राइव्हकडून गाडी कशी आली, नाकाबंदी कुठे होती ते दाखवलं. मुलांनी विचारलं, तुम्ही होतात का तेव्हा? तो म्हणाला, "मी तेव्हा आठवीत होतो." मग जरा थांबून, "भरती झालो तेव्हा ट्रेनिंगमध्ये यांचं नाव पहिल्या आठवड्यात ऐकलं." मुलांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं आणि पगारापासून सुट्ट्यांपर्यंत सगळं विचारून घेतलं. दोघांनी पोलीस व्हायचं तिथेच ठरवलं, पुढे काय होतं बघू.

परत येताना लोकलमध्ये जो वाद झाला तो या सगळ्या कामातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग. एक मुलगा तावातावाने म्हणाला, "त्याला तिथेच मारायला पाहिजे होतं. पकडून चार वर्षं पोसला कशाला?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हा प्रश्न मी मोठ्यांकडूनही पुष्कळदा ऐकलाय. मी लगेच उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात खटल्याच्या तारखा फळ्यावर लिहिल्या. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर खटला. ३ मे २०१० रोजी दोषी, ६ मे रोजी फाशीची शिक्षा. २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी.

मग विचारलं, दहा हल्लेखोर होते, नऊ मारले गेले. दहावाही मारला गेला असता तर आपल्याला काय कळलं असतं? मुलं विचारात पडली. हळूहळू उत्तरं येऊ लागली. ते कुठून आले हे सिद्ध करता आलं नसतं. त्यांच्याकडे खोटी भारतीय ओळखपत्रं होती, म्हणजे आपल्यातच कुणावर तरी संशय गेला असता. कराचीहून समुद्रमार्गे, "कुबेर" ही मच्छीमार बोट पळवून, मुंबईच्या किनाऱ्यावर बधवार पार्कला उतरून, हा सगळा प्रवास भर कोर्टात पुराव्यांनिशी उभा राहिला, त्यात जिवंत सापडलेल्या माणसाच्या जबाबाचा वाटा मोठा होता. त्याला वकील मिळाला, अपील करायला मिळालं, आणि तरीही गुन्हा तीनही न्यायालयांत टिकला. त्यामुळे जगापुढे कुणालाही हात झटकणं सोपं राहिलं नाही.

ओंबळे यांनी नळी धरून ठेवली त्याचा हा अर्थ आहे. त्यांनी शेजारच्या सहकाऱ्यांचे जीव तर वाचवलेच, पण देशाच्या हातात एक जिवंत पुरावा दिला. २६ नोव्हेंबरलाच आपण संविधान दिनही पाळतो, आणि आमच्या शाळेत ते दोन कार्यक्रम एकामागोमाग व्हायचे पण त्यांचा एकमेकांशी संबंध कुणी लावत नव्हतं. मला तो या मुलांमुळे लावता आला. गुन्हेगाराला पकडायचं, कायद्यापुढे उभं करायचं, पुरावा मांडायचा, शिक्षा द्यायची : पोलिसाचं काम ते हेच. महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे "सद्रक्षणाय खलनिग्रहणाय". ओंबळेंनी त्या रात्री पोलिसाचं काम केलं, अगदी शेवटपर्यंत. लोकलमध्ये तावातावाने बोललेला मुलगा तासाच्या शेवटी उठून म्हणाला, "बाई, हे फलकावर यायला पाहिजे." ते वाक्य त्यानेच लिहिलं.

एक अवघड प्रश्नही आला. त्यांच्याकडे बंदूक का नव्हती? मी तो टाळला नाही. हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, पोलिसांच्या तयारीतल्या, साधनांतल्या उणिवा चर्चेत आल्या, पुढे फोर्स वनसारखं खास दल उभं राहिलं. हे सांगितलं. शौर्याचा गौरव करताना, त्या माणसाला लाठी घेऊन रायफलसमोर का जावं लागलं हेही विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. हार घालून हा प्रश्न झाकता येत नाही. पोलीस कॉलनीत वाढलेल्या आमच्या दोन मुलांना हे फार जवळचं वाटलं. एकीने सांगितलं, तिचे बाबा बंदोबस्ताला जातात तेव्हा आई रात्रभर फोन उशाशी ठेवते.

आता फलकाचा मजकूर. मुलांचा पहिला मसुदा विशेषणांनी भरलेला होता : महान, अजरामर, सिंहासारखा, वीरांचा वीर. मी म्हटलं, विशेषणं काढून वाचा, काय उरतं बघा. उरलं ते जास्त ताकदीचं होतं, हे मुलांनीच मान्य केलं. गोळ्यांच्या आकड्यावरून मोठी खडाजंगी झाली. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे छापून आलेत, पाचपासून चाळीसपर्यंत. मोठा आकडा घ्यावा असा आग्रह होता. शेवटी वर्गातल्या एका शांत मुलीने विचारलं, "एक गोळी लागली असती तर ते कमी शूर झाले असते का?" आकडा गेला.

उरलेला मजकूर असा :

"तुकाराम गोपाळ ओंबळे. गाव केडंबे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. भारतीय सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये सेवा. १९९१ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर मुंबई पोलीस दलात दाखल. २००८ मध्ये डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर ते लाठी घेऊन उभे होते. हल्लेखोराने एके-४७ रोखली तेव्हा त्यांनी तिची नळी धरली. गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. त्यांच्यामागे उभे असलेले सहकारी वाचले. हल्लेखोर जिवंत पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि सत्य न्यायालयात सिद्ध झालं. मरणोत्तर अशोकचक्र, २६ जानेवारी २००९."

अशोकचक्र हे शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ते ताराबाईंनी स्वीकारलं. चित्रकलेच्या सरांनी मुलांकडून पदक मोठं करून काढून घेतलं : सोनेरी गोल, मधे चोवीस आऱ्यांचं चक्र, भोवती कमळाची वेल, वर हिरवी फीत आणि फितीच्या मधोमध एक उभी केशरी रेघ. आरे बरोबर चोवीस यावेत म्हणून कोनमापक घेऊन बसलेला मुलगा मला अजून दिसतो. पंधरा अंशाला एक आरा.

विज्ञानाच्या बाईंनी फलकाला एक तुकडा जोडला, तो मुलांना सर्वांत जास्त आवडला. आमच्याच ठाणे-कल्याण भागात संशोधकांना उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये तिचं शास्त्रीय नाव त्यांनी "आयसियस तुकारामी" ठेवलं, ओंबळे यांच्या सन्मानार्थ. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाही, भक्ष्यावर झेप घेऊन पकडतो. त्यानंतर आठवडाभर शाळेच्या भिंतींवरचा एकही कोळी झाडूखाली आला नाही. मुलं शिपाईकाकांना थांबवायची.

कार्यक्रमाच्या दिवशी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मेणबत्त्या नव्हत्या, भाषण नव्हतं. मुलांनी उद्देशिका म्हटली, मग फलकाचा मजकूर सहा जणांनी वाटून वाचला, प्रत्येकाने आपल्या वाक्याचा आधार कुठला तेही सांगितलं. मग तो मघाचा मुलगा खटल्यावर दोन मिनिटं बोलला. आजोबांना दोन शब्द बोला म्हटलं तर ते म्हणाले, २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला १९५९ साली दहा जवान चिनी सैन्याच्या हल्ल्यात मारले गेले त्याची आठवण म्हणून. नायगावच्या मैदानावर शोकशस्त्र, म्हणजे शस्त्रं उलटी धरून मानवंदना होते आणि वर्षभरात कामावर असताना गेलेल्या देशभरातल्या पोलिसांची नावं वाचतात. "नावं वाचायला बराच वेळ लागतो. तुम्ही एकाचं नीट वाचलंत," एवढं बोलून ते फलकाकडे वळले आणि त्यांनी सॅल्यूट ठोकला. मुलांनी नकळत पाय जुळवले.

कुणाला आपल्या शाळेत असं काही करायचं असेल तर माझ्या अनुभवावरून सांगते : मजकूर मुलांना लिहू द्या, आधार मागा, एखाद्या निवृत्त पोलिसाला बोलवा, प्रत्येक गावात, प्रत्येक कॉलनीत ते असतात आणि सहसा त्यांना कुणी बोलावत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरुवात केली तर पोलीस स्मृतिदिनही कामात धरता येतो. आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या घरच्यांना फोन करून त्रास देऊ नका, त्यांच्या दुःखावर आपला प्रकल्प उभा करायची गरज नाही, सार्वजनिक नोंदी पुरेशा आहेत.

फलक आता दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी कायमचा लावलाय. सध्याच्या नववीने नाव निवडलंय : शशांक शिंदे, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री लढताना गेलेले रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक. त्यांच्यासोबत रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादवही हवेत, असा मुलांचा हट्ट आहे, कारण ते स्टेशनवर .३०३ रायफल घेऊन हल्लेखोरांशी भिडले होते. निकालपत्रातली स्थानकाची पानं मुलांनी वाचायला घेतली आहेत. आजोबांनी शनिवारी यायचं कबूल केलंय, या वेळी बाक फलाटासारखे मांडायचे आहेत.